आउट रनचा रस्ता, तळहाताएवढ्या पडद्यावर: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

काय करायचं आणि काय नाही, हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर मार्चपर्यंत याचं काहीतरी भलतंच होऊन बसेल.

आउट रन म्हणजे सेगाचा १९८६चा, गाडी चालवण्याचा आर्केड खेळ. त्यातला रस्ता ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपवर चालवायचा. पडदा २.८ इंची, आयएलआय९३४१ चिपवाला, बाजारात सगळीकडे मिळतो तो. सगळा खेळ उभा करायचा नाही. रस्ता, वळणं, चढ-उतार, कडेची झाडं आणि टप्प्याच्या शेवटचा फाटा एवढंच. मूळ खेळाचं एकही चित्र किंवा सूर वापरायचा नाही, सगळं स्वतः काढायचं. संदर्भाला निन्टेंडो स्विच या गेम कन्सोलवरची सेगा एजेस आवृत्ती विकत घेतली आहे. ती शेजारी लावून बघत बसायचं.

हाच खेळ का? तो त्रिमिती दिसतो आणि त्यात त्रिमिती काहीच नाही, म्हणून. पॉलिगॉन (त्रिमिती आकार ज्यांचे बनतात ते सपाट तुकडे) नाहीत, खरा कॅमेरा नाही. मूळ यंत्रात १२.५ मेगाहर्ट्‌झचे दोन मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि आवाजाला एक झेड८०. त्यांच्याकडून हिशेब करून घ्यायचा आणि चित्र काढायचं काम वेगळ्या खास चिपांकडे. एक चिप फक्त रस्ता काढते, दुसऱ्या भागाचं काम स्प्राइट (झाडं, गाड्या यांची सुटी, सपाट चित्रं) लहान-मोठे करून मांडणं. आउट रनचे कर्ते यू सुझुकी आणि त्यांच्या गटाने ही युक्ती १९८५ मध्ये हँग-ऑन आणि स्पेस हॅरियर या खेळांमध्ये वापरली होती. आउट रनमध्ये तिच्यावर हात बसलेला दिसतो.

माझ्याकडे २४० मेगाहर्ट्‌झचे दोन कोअर आहेत, पण खास चिप एकही नाही. म्हणजे त्या दोन चिपांची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करणं हाच खरा प्रकल्प.

५ जानेवारी

पडद्याचा हिशेब. पडदा ३२० बाय २४०, मूळ खेळ ३२० बाय २२४. उरलेल्या १६ ओळींत वेळ, वेग आणि गुण. इतकं सरळ बसतंय की आधी संशयच आला.

३२० × २२४ पिक्सेल, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे एका चित्राला ११,४६,८८० बिट. एसपीआय (चिपकडून पडद्याकडे डेटा नेणारी जोडणी) ४० मेगाहर्ट्‌झवर चालवलं तर एक चित्र पाठवायला सुमारे २८.७ मिलिसेकंद. सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर हाताशी ३३.३. बसलं! आणि मूळ आउट रनसुद्धा सेकंदाला ३० वेळाच चित्र बदलायचा. ६० चा हट्ट करायला मला जागाच नाही, तेव्हा मूळ खेळाशी प्रामाणिक राहिल्याचं पुण्य फुकट पदरात.

(आयएलआय९३४१च्या डेटाशीटमध्ये लिहिण्याचा वेग १० मेगाहर्ट्‌झ दिलाय. ४० वर सगळं जग चालवतं. डेटाशीट लिहिणाऱ्यांनी मनावर घेऊ नये.)

पूर्ण चित्र मेमरीत ठेवायचं तर १,४३,३६० बाइट लागतील. ठेवता येईल, पण नको. १६ ओळींचा एक पट्टा काढायचा, तो डीएमएने (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या भागाने) पडद्याकडे सोडायचा आणि तोवर पुढचा पट्टा काढायला घ्यायचा. असे १४ पट्टे. एका पट्ट्याला १०,२४० बाइट. तीन पट्टे आलटून पालटून वापरले की कुणी कुणासाठी अडून राहत नाही.

११ जानेवारी

सपाट, सरळ रस्ता उमटला.

गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांचं. पडद्यावर क्षितिजाखालची प्रत्येक ओळ जमिनीवरच्या एका ठरावीक अंतराची असते. क्षितिजापासून ती ओळ जितकी खाली तितकं अंतर कमी, आणि प्रमाण व्यस्त. कॅमेऱ्याची उंची बदलत नाही, म्हणून हे कोष्टक एकदाच काढून ठेवलं की चालतं. रस्त्याची रुंदी अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे ओळीच्या सम प्रमाणात वाढते. त्यामुळे सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा आपोआप सरळ रेषा येतात, काही करावं लागत नाही.

भागाकार कुठेही नको होता. ईएसपी३२ मध्ये दशांशाचं गणित करणारा भाग आहे, पण भागाकार म्हटला की तो रेंगाळतो. म्हणून व्यस्तांकांचं कोष्टक केलं आणि बाकी सगळं १६.१६ च्या पूर्णांकांत (१६ बिट पूर्ण भागाला, १६ अपूर्णांकाला).

गाडी पुढे जाते म्हणजे काय होतं? काहीच हलत नाही. ओळीच्या अंतरात गाडीचं स्थान मिळवायचं आणि बेरीज फिक्या पट्ट्यात पडते की गडद पट्ट्यात, एवढं बघायचं. दोन रंगांची अदलाबदल चालू झाली आणि डोळ्याने ताबडतोब कबूल केलं की आपण पुढे चाललोय. डोळा फार भोळा आहे.

१२ जानेवारी

पट्ट्यांची लांबी किती ठेवायची, यावर जवळजवळ सगळा दिवस गेला.

आउट रनमध्ये गाडीचा कमाल वेग ताशी २९३ किलोमीटर. म्हणजे सेकंदाला ८१.४ मीटर, आणि सेकंदाला ३० चित्रं धरली तर दोन चित्रांमध्ये २.७१ मीटर. आता फिक्या-गडद जोडीची लांबीही २.७ मीटरच्या आसपास असली तर प्रत्येक चित्रात पट्टे पुन्हा जागच्या जागी येणार. गाडी सुसाट आणि रस्ता थिजलेला! जोडी त्याहून थोडी लांब असली तर रस्ता चक्क मागे जाताना दिसतो. जोडी ५.४ मीटरपेक्षा मोठी असेल तरच दिशा खरी दिसते. मी १२ मीटर ठेवली.

दुसरं म्हणजे क्षितिजाजवळच्या ओळी. तिथे एका ओळीत कित्येक मीटर रस्ता मावतो, मग रंग कसेही लुकलुकायला लागतात. ठरावीक अंतरापलीकडे दोन रंगांऐवजी त्यांच्या मधला एकच रंग दिला. लुकलुक थांबली, आणि वर दूरवर हलकं धुकं असल्यासारखं वाटतंय ते बोनस.

१९ जानेवारी

वळणं. यासारखी स्वस्त आणि फसवी युक्ती क्वचितच पाहिली असेल.

खालच्या ओळीपासून वर जायचं. प्रत्येक ओळीला रस्त्याचा मध्य थोडा सरकवायचा, आणि किती सरकवायचा तो आकडाही दर ओळीला थोडा वाढवत न्यायचा. दोन बेरजा. जवळचा रस्ता जवळपास सरळ राहतो, लांबचा वाकतो, आणि वळण दिसायला लागतं. गाडी पडद्याच्या मधोमध तशीच असते. ती कधीच वळत नाही, तिच्यासमोर जग वाकतं.

वळण येतं ते क्षितिजाकडून. सरळ रस्त्यापुढे वळण असेल तर त्या सीमेपलीकडच्या ओळींनाच वाकवायचं, आणि गाडी पुढे जाईल तशी सीमा खाली येते. वाकणं एकदम सुरू केलं तर रस्त्याला कोपरा दिसतो, म्हणून प्रत्येक वळणाला चढता आणि उतरता भाग दिला.

नुसतं वाकवून गाडी चालवल्यासारखं वाटत नाही. त्यासाठी वळणावर गाडी बाहेर फेकली जायला हवी. पुस्तकातलं भौतिकशास्त्र वेगाचा वर्ग सांगतं. तसं करून पाहिलं तर २०० च्या पुढे गाडी रस्त्यावर ठरेना. वेगाच्या सम प्रमाणात केलं आणि हाताला बरं वाटलं. इथे न्यूटनपेक्षा हाताचं ऐकायचं ठरवलंय. मागचे डोंगर आणि ढग वळणाच्या उलट दिशेला सरकवले. तीन ओळींचा कोड, पण तो काढला तर वळण मेल्यासारखं वाटतं.

२६ जानेवारी

सुट्टी, झेंडावंदन, आणि मग दिवसभर चढ-उतार.

कालपर्यंतचं कोष्टक इथे निकामी. रस्ता चढला की एका ओळीला एक ठरावीक अंतर हा करारच मोडतो. टेकडीच्या अलीकडच्या चढावर थोडासा रस्ता खूप ओळी व्यापतो, आणि माथ्यापलीकडचा कितीतरी रस्ता एकाही ओळीवर दिसत नाही.

केलं ते असं. रस्त्याचे छोटे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला उंची दिली. जवळून लांब जात प्रत्येक तुकडा पडद्यावर कुठल्या ओळीत पडतो ते काढायचं. आतापर्यंत गाठलेल्या सर्वांत वरच्या ओळीच्याही वर तो असेल तर मधल्या ओळी त्याच्या. खाली असेल तर तो टेकडीमागे लपलाय, सोडून द्यायचा. लपलेलं वगळण्याचं सगळं काम या एका तुलनेत होतं.

महत्त्वाचं म्हणजे या वेळी मी काहीच काढत नाही, नुसती यादी भरते. २२४ ओळी, आणि प्रत्येकीपुढे अंतर, रस्त्याचा मध्य, अर्धी रुंदी, तुकड्याचा क्रमांक. सगळी मिळून तीन किलोबाइटही होत नाही. पट्टे रंगवणारा भाग ही यादी वाचतो आणि रंगवतो, टेकडी आहे की सपाटी हे त्याला ठाऊकही नसतं. मूळ यंत्रातली वाटणी थेट हीच होती. प्रोसेसरने ओळींचे आकडे एका मेमरीत भरायचे आणि रस्त्याच्या चिपने ते वाचून रेघ ओढायची. १९८६ मध्ये ही वाटणी लोखंडात केली होती, मी ती दोन फाइलींत केली. गुण्यागोविंदाने चाललंय.

उतारावर उलट प्रकार. समोरचा रस्ता खाली दबतो, क्षितिज उघडं पडतं आणि पुढचं बरंच काही एकदम दिसतं. मूळ खेळात माथा ओलांडला की पोटात जो खड्डा पडतो तो इथून येतो. वेग तोच असतो, पण दिसणाऱ्या ओळींची संख्या झपकन बदलते. माझ्याकडे तो पहिल्यांदा जाणवला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि खाली कुणी उठू नये म्हणून मी तोंडावर हात ठेवला.

१ फेब्रुवारी

तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. स्टिअरिंगसाठी पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलतो तो पॉट), पेडलसाठी आणखी एक, चार स्क्रू, एक जुनी लोखंडी पट्टी.

"दहा केचा पॉट द्या."
"ताई, लिनिअर की लॉग?"

लिनिअर. वर बी१०के असं लिहिलेला. ए असेल तर तो आवाजाच्या बटणाला. स्टिअरिंगला लावला तर डावीकडे गाडी सुस्त आणि उजवीकडे बेभान होईल.

घरी आल्यावर ईएसपी३२ च्या एडीसीशी (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाशी) नेहमीचं भांडण. दोन्ही टोकांना तो खरं बोलत नाही. अगदी तळाला शून्यच दाखवतो आणि वरच्या टोकाला आधीच छताला टेकतो. म्हणून चाकाची फिरकी अशी बसवली की पॉटचा मधलाच भाग वापरला जाईल. १६ वाचनांची सरासरी घेतल्यावर थरथर गेली.

मूळ मशीनला स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि लो-हाय असा दोनच गिअरांचा दांडा होता. मोठ्या कॅबिनेटमध्ये तर माणूस गाडीसारख्या खोक्यात बसायचा आणि ते खोकंच वळणासोबत हलायचं. माझं चाक जेवणाच्या टेबलाला क्लॅम्पने घट्ट केलंय. टेबल हलतं, पण ते त्याच्या एका पायामुळे.

८ फेब्रुवारी

स्प्राइट. इथे घाम निघाला. ही नोंद लांबेल.

रस्ता काढायला फार वेळ लागत नाही, कारण ओळीत मोजून पाच-सहा रंगबदल असतात. झाडाचं तसं नसतं. लांबचं माडाचं झाड चार पिक्सेलचं, तेच अंगावर आलं की पडदाभर. आणि आउट रनच्या पहिल्या टप्प्यात, कोकोनट बीचवर, माडांना तोटा नाही. वेग जाणवतो तो या झाडांमुळे. वेगाचा आकडा कुणी बघत नाही. दर २७ मीटरवर एक खांब ठेवला तर कमाल वेगात सेकंदाला तीन खांब सटकतात आणि मान आपोआप मागे जाते. खांब काढून टाकले की तोच २९३ चा वेग शंभरसारखा वाटतो. सेगाने स्प्राइट मोठे-लहान करणाऱ्या चिपेवर इतका खर्च का केला असेल, ते कळतं.

माझी चित्रं पिक्सेलला ४ बिटची, प्रत्येकाची १६ रंगांची वेगळी पेटी. मूळ खेळातही तसंच. पेटीतले रंग मी पडद्याला लागतात त्याच बाइट-क्रमाने आधीच उलटून ठेवले, म्हणजे रंगवताना उलटापालट नको.

मोठं करताना फारसं अडलं नाही. अडलं ते लहान करताना. चित्रं फ्लॅशमध्ये (संथ, कायमच्या मेमरीत) आहेत आणि तिथून वाचताना मधे छोटा कॅश (वेगवान, तात्पुरती मेमरी) आहे. लांबचं झाड काढताना चित्रातल्या बऱ्याच ओळी गाळायच्या असतात, म्हणजे दर वेळी फ्लॅशच्या वेगळ्याच कोपऱ्यात उडी. चार पिक्सेलच्या झाडाला वेळ भरपूर. उपाय म्हणून प्रत्येक चित्राची अर्धी आणि पाव मापाची प्रत सोबत ठेवली आणि अंतर बघून जवळची उचलायची. फ्लॅशमध्ये जागा मुबलक आहे, वेळ नाही.

दुसरा खर्च रिकाम्या जागेचा. माडाच्या चित्रात खोड बारीक आणि दोन्ही बाजूंना नुसतं पारदर्शक. प्रत्येक पिक्सेल तपासत बसण्याऐवजी ओळीत चित्र कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे दोन आकडे ओळीच्या सुरुवातीला लिहून ठेवले. सेगाच्या चिपमध्ये याचाच भाऊ सापडतो. तिथे ओळ संपल्याची खूण चित्राच्या पिक्सेलमध्येच दडवलेली असते. १५ नंबरचा रंग योग्य जागी आला की चिप ती ओळ तिथेच सोडते. इतक्या वर्षांपूर्वी कुणीतरी याच खर्चाला वैतागलं होतं, हे वाचून बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

कालचंच पुढे. टेकडीमागची झाडं माथ्यावरून आरपार दिसत होती. प्रत्येक तुकड्याला "तुझ्या वेळी सर्वांत वरची ओळ कुठली होती" हे आधीच ठाऊक असतं, तेच त्या तुकड्यावरच्या झाडाला खालची मर्यादा म्हणून दिलं. आता झाडाचा शेंडा आधी दिसतो, मग खोड वर येतं.

पट्टे दोन्ही कोअरना वाटून दिले, सम एकाकडे, विषम दुसऱ्याकडे. ३० चित्रं टिकली.

१६ फेब्रुवारी

गाडी काढली. लाल नाही, पिवळी.

आउट रनमधली गाडी फेरारी टेस्टारोसाच आहे हे सगळ्यांना दिसतं, पण १९८६ मध्ये सेगाकडे फेरारीचा परवाना नव्हता. या मालिकेत रीतसर परवान्यासह फेरारी आल्या त्या २००३ च्या आउट रन २ मध्ये. त्या परवान्याची दुसरी बाजू अशी की २००९ चा आउट रन ऑनलाइन आर्केड परवान्याची मुदत संपल्यावर डिजिटल दुकानांतून काढावाच लागला. स्विचवरच्या आवृत्तीतही गाडीचा चेहरामोहरा जरा बदललेला आहे, बारकाईने पाहिलं की कळतं.

एक गंमत. खेळातली टेस्टारोसा उघड्या टपाची आहे. कारखान्यातून बाहेर पडणारी टेस्टारोसा बंद टपाची असायची. फेरारीने अधिकृतपणे उघडी बनवली ती एकच, फियाटचे जान्नी आन्येल्ली यांच्यासाठी, आणि तीही १९८६ मध्येच. सेगाने मात्र त्याच वर्षी जगभरातल्या आर्केडमध्ये नाणं टाकणाऱ्या प्रत्येकाला ती दिली. टप काढल्याने चालवणारा आणि शेजारी बसलेली त्याची मैत्रीण मागून दिसतात, तिचे केस उडतात. इतक्या छोट्या चित्रात माणसं दिसली की गाडीला गोष्ट येते. माझ्या पिवळ्या गाडीत दोघी आहेत.

२२ फेब्रुवारी

फाटा. या प्रकल्पातला सगळ्यात आवडता भाग, तो मुद्दाम मागे ठेवला होता.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता रुंद होत जातो, मधे दुभाजक येतो आणि डावी की उजवी हे चालता चालता ठरवायचं. थांबणं नाही, यादीतून निवडणं नाही. हे कसं केलं असेल याचा मी बराच विचार केला होता. ख्रिस व्हाइट यांनी मूळ ६८०००चा कोड उकलून कॅननबॉल नावाने आउट रन नव्याने लिहिलाय, त्याचा कोड खुला आहे. तो वाचल्यावर कळलं की रस्ते मुळातच दोन आहेत. रस्त्याची चिप दोन रस्ते एकावर एक काढू शकते. दोन्ही तंतोतंत एकमेकांवर असले की तीन लेनचा एक रस्ता दिसतो. त्यांच्यातलं अंतर वाढवत नेलं की रस्ता रुंदावतो, आणखी वाढवलं की मधे जमीन दिसते आणि फाटा पडतो. खेळाडू पूर्ण वेळ दोन रस्त्यांवरून चाललेला असतो, त्याला एकच दिसतो.

म्हणजे फाट्यासाठी वेगळं यंत्र नकोच. एक आकडा बदलत न्यायचा.

माझ्या यादीत प्रत्येक ओळीला आता दोन मध्य आहेत. नियम एवढाच, की डांबर हे कडेच्या पट्टीपेक्षा वरचढ. एका रस्त्याच्या डांबरावर दुसऱ्याची पांढरी कड आली तर कड गिळायची. लेनच्या तुटक रेघा रुंदावताना सरकतात, मूळ खेळातही सरकताना दिसतात, आणि वेगात ते खटकत नाही. अंतर बरोबर तीन लेनचं झालं की सहा लेनचा सुबक रस्ता तयार.

निवड कशी ओळखायची? दुभाजक जवळ आला की गाडी मधल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. मग दुसरा रस्ता पडद्याबाहेर जाईपर्यंत काढत राहायचं, गेला की टाकून द्यायचा, आणि चालू रस्त्याची नक्कल त्याच्या जागी आणून ठेवायची. पुन्हा एकावर एक दोन रस्ते. त्याच काळात आकाशाचा आणि जमिनीचा रंग हळूहळू पुढच्या टप्प्याचा करायचा. कुठेही "कृपया थांबा" नाही. १९८६ चा खेळ या बाबतीत आजच्या बऱ्याच खेळांच्या नाकावर टिच्चून उभा आहे.

२ मार्च

टप्प्यांची मांडणी. आधी १, मग २, ३, ४, ५, एकूण १५ टप्पे. एका खेळात त्यातले पाचच वाट्याला येतात. चार फाटे, म्हणजे १६ वाटा, आणि पाच वेगवेगळे शेवट.

कुठल्या शेवटाला किती वाटांनी पोचता येतं हे वहीत मांडलं: १, ४, ६, ४, १. हा तर मेरुप्रस्तार, म्हणजे पास्कलचा त्रिकोण! पिंगलाच्या छंदशास्त्रावर हलायुधाने दहाव्या शतकात टीका लिहिली, त्यात तो आहे. चार अक्षरांच्या चरणात लघु-गुरूच्या १६ रचना होतात, आणि त्यातल्या किती रचनांत किती गुरू हे मेरूची ओळ सांगते. डावा म्हणजे लघु, उजवा म्हणजे गुरू असं धरलं की सुझुकींचा नकाशा आणि हलायुधाचा मेरू एकच. आउट रनमध्ये साधारणपणे डावीकडचे रस्ते सोपे आणि उजवीकडचे अवघड, तेव्हा सगळे गुरू घेणाऱ्याची परीक्षा सगळ्यात कडक, हेही जुळतं. कोडमध्ये त्या फंक्शनचं नाव मेरू ठेवलंय. सहा महिन्यांनी मलाच कळलं नाही तर ही नोंद आहे.

टप्प्यांची दृश्यं युरोपातली आहेत, त्याला कारण आहे. आधी बेत अमेरिका आडवी पार करण्याचा होता. पण तिथे मैलोन्‌मैल दृश्य बदलत नाही. मग सुझुकी आपल्या माणसांना घेऊन युरोपात गेले आणि फ्रँकफर्टपासून भाड्याच्या गाडीने भटकले. आल्प्स, रिव्हिएरा, मोनॅको. नकाशात आल्प्स आहे, ऑटोबान आहे, द्राक्षमळे आहेत ते त्यामुळे. अमेरिकेशी नाळही पुरती तुटलेली नाही, शेवटच्या रांगेत डेथ व्हॅली बसलेली आहेच.

भाचा म्हणतो, "मावशी, आपण गुहागरचा रस्ता टाकू ना." माड आहेत, समुद्र आहे, चढ-उतार तर विचारूच नका. मोह होतोय. पण २९३ च्या वेगाने तो रस्ता काढणं म्हणजे खोटेपणाची हद्द. शिवाय आधी मूळ शिकायचं ठरलंय. नंतर बघू.

९ मार्च

आवाज. मॅक्स९८३५७ चा छोटा ॲम्प्लिफायर, एक जुना स्पीकर. इंजिनाचा एक छोटा तुकडा फिरत ठेवून वेगाप्रमाणे त्याची पट्टी वर-खाली केली. गिअर बदलला की पट्टी खाली येते आणि पुन्हा चढते. पुरेसं आहे.

संगीत टाकणार नाही. मूळ खेळाचं संगीत हिरोशी कावागुची यांचं. यामाहाच्या वायएम२१५१ एफएम चिपेवर सुरावट आणि सेगाच्या १६ चॅनेलच्या पीसीएमवर (ध्वनिमुद्रित नमुने वाजवणाऱ्या चिपवर) ताल. त्याच्या जवळपास जाणारं काही मला जमणार नाही आणि मूळ उचलायचं नाही हे पहिल्याच दिवशी लिहिलंय.

पण त्यातला एक निर्णय उचलला. खेळ सुरू व्हायच्या आधी गाडीतला रेडिओ दिसतो आणि स्टिअरिंग फिरवून तीन गाण्यांमधून एक निवडायचं. आज हे साधं वाटेल. त्या काळी नाणं टाकलं की खेळ तुम्हाला ढकलतच न्यायचा. इथे मात्र आधी विचारतात, ऐकायला काय लावू? मी तीन गाण्यांऐवजी तीन वेळा ठेवल्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ. रेडिओचाच पडदा, चाकाने काटा सरकवायचा, आकाशाचे रंग बदलतात.

१४ मार्च

धुळवड. भाचा रंगलेल्या हातांनी चाकाला हात लावणार नाही या अटीवर खेळायला बसला.

त्याचा पहिला प्रश्न: "मी कितवा आलो?"

कितवा नाहीच. समोरच्या गाड्या शर्यतीत नाहीत, त्या आपापल्या कामाला चालल्यात. सुझुकी आउट रनला शर्यतीचा खेळ म्हणत नसत, गाडी चालवण्याचा खेळ म्हणत. १९८२ चा नामकोचा पोल पोझिशन आठवा. फुजी स्पीडवे, आधी पात्रता फेरी, मग शर्यत, आणि दुसऱ्या गाडीला धक्का लागला की गाडीचा स्फोट. आउट रनमध्ये दुसऱ्या गाडीला घासलात तर वेग जातो. भरधाव झाडावर गेलात तर गाडी कोलांट्या खाते, दोघं बाहेर फेकले जातात, आणि मग पुन्हा बसून चालू लागतात. शिक्षा वेळेची.

त्याला हे पटलं नाही. "मग जिंकायचं कसं?" पण अर्ध्या तासाने तो दुसऱ्या टप्प्याला मुद्दाम उजवा फाटा घेत होता, कारण डावीकडचं त्याचं बघून झालं होतं. मी त्याला काही समजावलं नाही.

टक्कर आज जशी आहे तशी फार कडक आहे. झाडाची रुंदी पूर्ण धरली तर माडाच्या झावळीलाही गाडी अडते. टक्करीसाठी फक्त खोडाची रुंदी धरायची. कोलांट्यांची चित्रं काढायला वेळ लागेल, सध्या गाडी गोल फिरून थांबते.

२३ मार्च

वेळेचं गणित बसवलं. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला ठरावीक सेकंद मिळतात, उरलेले पुढे जमा होतात. हे जमा होणं महत्त्वाचं. पहिल्या टप्प्यात वाचवलेले चार सेकंद चौथ्या टप्प्यातल्या एका टक्करीला उपयोगी पडतात, त्यामुळे सोप्या भागातही माणूस ढिला पडत नाही.

आकडे कसे ठरवले? टक्कर न होता, सगळ्या वळणांवर थोडा वेग कमी करत टप्पा पार करायला जितका वेळ लागतो त्यात एका साध्या टक्करीचा वेळ मिळवला. अवघड टप्प्यांना हा जादा वेळ निम्मा. उजवीकडच्या कडेने सलग गेलं तर शेवटच्या टप्प्यात हाताला घाम येतो. तसाच यायला हवा.

आता पाचही शेवटांपर्यंत पोचता येतं, १६ पैकी १६ वाटा चालतात, ३० चित्रं कुठेही तुटत नाहीत. फक्त चौथ्या रांगेतल्या गव्हाच्या शेतात, दोन्ही बाजूंना दाट कणसं असताना माथ्यावरून खाली येतो तेव्हा एखादं चित्र हुकतं. तिथली कणसं एकेक काढण्याऐवजी चार-चारच्या गठ्ठ्याने काढून बघायची. कोलांट्यांची चित्रं बाकी आहेत. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातलाय.